ब्रेकनं खाल्लेली बॅटरी

आमची प्रीमियर पद्मिनी मोटार १९७८ची, वडिलांनी घेतलेली. नंबरप्लेट अजून 'जीडी'ने सुरू होते, म्हणजे गोवा घटकराज्य होण्याआधीची. गिअर स्टिअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक, बॅटरी चार्ज करायला इंजिनवर फिरणारा डायनामो. ती विकायचा विचार घरात कुणी बोलूनही दाखवत नाही.

यंदा पाऊस धरला आणि दोन दुखणी एकदम सुरू झाली. पणजीहून फोंड्याला येताना बाणस्तारीचा पूल ओलांडला की गाडी जड वाटायची. कुंडईच्या उतारावर न्यूट्रल केली तरी आपणहून सुटेना. घरी आल्यावर ड्रमवर पाणी शिंपडलं तर चुर्र आवाज. सकाळी मात्र हाताने ढकलली तरी पळायची! दुसरं दुखणं बॅटरीचं. संध्याकाळच्या पावसात हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून आलो की दुसऱ्या दिवशी सेल्फ नुसता कण्हायचा.

एका गॅरेजात सांगितलं, ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) बदला. दुसरीकडे, "बॅटरी सोंपली," म्हणजे संपली, आणि डायनामो काढून नव्या गाड्यांसारखा, मंद इंजिनावरही जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवायचा सल्ला. बॅटरी नवी घातली. आठ दिवसांत तीही उतरली.

मग मीटर घेऊन स्वतःच बसलो. पट्टा ताठ, डायनामोचे कार्बन ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक, इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी घासून घट्ट केली. आयडलिंगला लाल दिवा मिणमिणतो, पण डायनामोच्या गाडीत ते चालायचंच. रेस वाढवली की तो विझला आणि बॅटरीवर १४.२ व्होल्ट दिसले. म्हणजे डायनामो आणि त्याला बॅटरीशी आपोआप जोडणारा-तोडणारा कटआउट दोन्ही ठीक. मग वीज जात होती कुठे?

उत्तर भाच्याने दिलं. एका संध्याकाळी तो स्कूटरवर माझ्या मागून आला आणि दारात उतरताच म्हणाला, "मामा, तुम्ही म्हार्दोळपासून ब्रेकवर पाय ठेवूनच चालवत होता का?" मी पाय ठेवला नव्हता. मागचे दोन्ही लाल दिवे मात्र पेटलेले होते.

माझ्या गाडीत ब्रेक लाइटचा स्विच पेडलला नाही, ब्रेक ऑइलच्या लाइनवर आहे. लाइनमध्ये दाब राहिला की दिवे पेटलेलेच राहणार. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर. हेडलाइट आणि वायपर चालू असताना, पणजीच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरत असताना, बिचारा डायनामो पुरणार कसा!

दाब कुठे अडकतो ते शोधायची एक खात्रीची रीत आहे. गाडी गरम असतानाच सपाट जागी, चाकांना अडसर लावून, मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देतं ते) निघणाऱ्या पाइपचा नट सैल केला. ऑइल चिरकांडीसारखं उडालं आणि चारही चाकं मोकळी झाली, म्हणजे दाब मास्टर सिलिंडरपाशीच अडकत होता. तिथे सुटली नसती आणि चाकाजवळच्या निपलला (ऑइल सोडायची छोटी तोटी) सुटली असती, तर आतून सुजलेला रबरी होज, म्हणजे ऑइलची नळी, दोषी ठरला असता.

मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पाय उचलल्यावर रबर सील त्याच्या मागे सरकतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल तिथून परत जातं. एप्रिलमध्ये सिलिंडरला नवं किट (आतल्या रबरांचा संच) घातलं तेव्हा पेडल उंच हवं असा हट्ट मीच धरला होता, म्हणून पुशरॉड, म्हणजे पेडल आणि सिलिंडरच्या पिस्टनमधला दांडा, लांब केला गेला. सील भोकावरच बसून राहिलं. चाक घासतंय, तापतंय, ऑइल फुगतंय, शू आणखी आवळतायत, असं ते चक्र.

पुशरॉड आखूड करून पिस्टनपाशी जेमतेम एक मिलिमीटर फट ठेवली. तापलेलं जुनं ऑइल काढून टाकलं, कारण ते हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. नवं ऑइल भरून लाइनमधली एअर काढायला सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून केली, मास्टर सिलिंडरपासून ते सगळ्यात लांब. पेडल भाच्याने दाबलं.

काल पणजीहून येताना मंगेशीला थांबून चारही ड्रमना हात लावून पाहिला. कोमट होते. मागचे दिवे बंद. मागच्या उजव्या चाकाचं सिलिंडर थोडं ओलं दिसलं, त्याची रबरं या आठवड्यात बदलायची आहेत.