मोठी काच फुटते कडेपासून

मोठी काच बसवायची ठरली की पहिला प्रश्न जाडीचा येतो : १० एमएम घ्यायची की १२? त्याआधी काचवाल्याला विचारा, कड कशी घासून देणार? काच कापताना कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, आणि ताण आला की त्यांतलीच एखादी पुढे पळत सुटते. कड घासून पॉलिश केली आणि धारेचा टोकदारपणा मोडला की तीच काच कितीतरी जास्त सोसते. टफन करायची, म्हणजे भट्टीत तापवून झटकन गार करून कणखर करायची असेल तर घासणे, भोके पाडणे, खाचा घेणे हे सगळे भट्टीआधी. टफन काच नंतर कापता येत नाही. भोक काचेच्या जाडीपेक्षा लहान नको, आणि कडेपासून निदान जाडीच्या दुप्पट अंतर हवे.

वजनाचा हिशेब सोपा आहे : दर चौरस मीटरला, दर एमएम जाडीमागे अडीच किलो. म्हणजे ४ बाय ८ फुटांची १२ एमएमची काच जवळपास ९० किलो भरते. ती चार जणांनी व्हॅक्यूम कप (काचेला चिकटणाऱ्या रबरी मुठी) लावून, उभीच न्यायची. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँच्या ‘द लार्ज ग्लास’ या माणसापेक्षा उंच कलाकृतीचे दोन काचपट ब्रुकलिनच्या प्रदर्शनाहून परतताना ट्रकमध्ये एकमेकांवर आडवे ठेवले होते. हादऱ्यांनी दोन्ही तडकले. १९३६ मध्ये त्याने तुकडे जुळवले आणि तडे तसेच ठेवले. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात ते आजही दिसतात. घरच्या काचेला मात्र तडा शोभत नाही.

चौकटीत काच कधीही थेट धातूवर टेकवू नये. खाली दोन कडक रबरी ठोकळे, दोन्ही टोकांपासून रुंदीच्या पाव अंतरावर, आणि चारही बाजूंना थोडी मोकळी जागा. काच हलली पाहिजे. बोस्टनच्या ६० मजली जॉन हॅनकॉक टॉवरने हे फार महागात शिकवले. तिथल्या दुहेरी काचांमधली शिशाची पट्टी काचेला इतकी घट्ट जोडलेली होती की वाऱ्याचा प्रत्येक हिसका थेट कडेला बसायचा. १९७३ मध्ये काचा गळायला लागल्या, जागोजाग प्लायवूड ठोकावे लागले आणि शेवटी दहा हजारांहून जास्त काचा बदलल्या.

उन्हाचा तडाही कडेलाच सुरू होतो. मधला भाग तापून फुगतो, चौकटीत झाकलेली कड थंड राहते. साध्या काचेला हा फरक ३०-४० अंशांपर्यंत गेला की धोका. असा तडा कडेशी बरोबर काटकोनात निघतो आणि मग वाकडातिकडा जातो. त्यावरून कारण ओळखता येते. काळी फिल्म, आतून चिकटवलेले पोस्टर, काचेला खेटलेले कपाट, हे सगळे उष्णता काचेतच अडकवतात. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला असे काही करायचे असेल तर काच टफन घ्या.

बाल्कनीच्या कठड्याला नुसती टफन काच मला मान्य नाही. ती फुटली की दाणे होऊन खाली सांडते आणि कठडाच उरत नाही. शिवाय टफन काच कधीकधी कोणी हात न लावता फुटते. आत अडकलेला निकेल सल्फाइडचा कण वर्षांनंतरही फुगतो. फुटल्या जागी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे शेजारी दिसले, तर बहुधा हेच कारण. यासाठी काच बसवण्याआधी हीट सोक करून मागा : टफन झालेली काच पुन्हा तापवतात, दोषी असलेल्या बहुतेक काचा कारखान्यातच फुटतात.

कठड्याला लॅमिनेटेड घ्यावी. म्हणजे दोन टफन काचांमध्ये पीव्हीबीचा (फुटलेले तुकडे धरून ठेवणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचा) १.५२ एमएम थर. इथेही शत्रू कडेनेच शिरतो. मुंबई-कोकणच्या पावसात यू चॅनेलमध्ये, म्हणजे काच खालून धरणाऱ्या धातूच्या खोबणीत, पाणी साचले की थर पांढुरका पडतो, मग सुटतो. चॅनेलच्या तळाला पाणी जायला भोके हवीतच. सांधे भरायचे सिलिकॉन न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारे मागा. लावताना व्हिनेगरसारखा वास आला तर ते अॅसिटिक आहे, त्याने पीव्हीबीची कड खराब होते. उघड्या कडेसाठी जरा जास्त खर्चून आयनोप्लास्टचा (पीव्हीबीपेक्षा कडक प्लास्टिकचा) थर घेतला तर उत्तम, तो पाण्याला सहसा दाद देत नाही.