तेल-ग्रीसच्या आकड्यात अडलेला कन्सेंट: कंटेनर यार्डमधला माझा अनुभव

नाशिकजवळच्या आमच्या कंटेनर यार्डच्या कन्सेंटचं, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचं, नूतनीकरण अडीच महिने रखडलं ते एका आकड्यापायी. तो आकडा म्हणजे सांडपाण्यातलं तेल-ग्रीस. पोर्टलवरचा अर्ज, गुंतवणुकीचं सीए प्रमाणपत्र, त्यावरून ठरणारी फी, जागेची पाहणी, हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकलं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते सांडपाण्याच्या अहवालावर.

ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तरंगते घन कण १०० मिलिग्रॅमपर्यंत आणि पीएच ५.५ ते ९ यांच्यामध्ये लागतो. हे दोन्ही आमचे पहिल्यापासून ठीक होते. तेल-ग्रीस मात्र एका अहवालात ३१, पुढच्यात ८ आणि तिसऱ्यात २४ आलं. यार्ड तेच, पाण्यातलं तेल वेगळं करणारी टाकी म्हणजे सेपरेटर तोच, कंटेनर धुण्याची पद्धतही तीच. असे तीन अहवाल समोर ठेवल्यावर कोण विश्वास ठेवणार?

पहिला घोळ नमुन्याचा होता. प्रयोगशाळेतून आलेल्या मुलाने पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन आउटलेटखाली धरला, त्याच पाण्याने दोनदा खंगाळला, भरला आणि झाकण लावून निघून गेला. आम्ही बघत उभे होतो आणि तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही, याची चीड मला आजही आहे. तेल प्लॅस्टिकला चिकटून बसतं. खंगाळताना भिंतीला लागलेलं तेल पुढच्या पाण्याच्या हिशेबात मिसळतं आणि कॅनमधून थोडंसं ओतून तपासलं, तर उरलेलं तेल भिंतीवरच राहतं. म्हणून एकदा ३१ येतं आणि एकदा ८. प्रयोगशाळेचं नाव इथे घेत नाही, पण तुमच्या यार्डात नमुना घ्यायला कोणी आलं की पुढच्या गोष्टी स्वतः उभं राहून बघाच.

तेल-ग्रीससाठी वेगळी, रुंद तोंडाची काचेची बाटली लागते. ती नमुन्याच्या पाण्याने खंगाळायची नाही. काठोकाठ भरायची नाही, कारण वर आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा असतो. नमुना एका वेळचा, एका झटक्यात घेतलेला असावा. दिवसभराचं पाणी एकत्र करून हा घटक तपासत नाहीत. बाटली बर्फात ठेवून न्यायची. प्रयोगशाळेत बाटलीतलं सगळं पाणी वापरलं जातं आणि रिकामी बाटलीसुद्धा सॉल्व्हंटने धुऊन ते त्यात मिळवतात, म्हणून एका बाटलीतून दोन चाचण्या होत नाहीत. पीएच आणि घन कणांसाठी दुसरी बाटली द्या. आउटलेटवर जमलेला तवंग खरवडून भरू देऊ नका. पाणी वाहतं असताना पडत्या धारेतूनच घ्या.

हे सगळं नीट करून चौथा नमुना दिला आणि १९ आलं. म्हणजे नमुन्याचा दोष गेला, तरी पाण्याचा दोष खराच होता.

आमच्याकडे द्राक्षांच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, न्हावा शेवा बंदराहून रिकामे रीफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, येतात. आतल्या टी-फ्लोअरच्या, म्हणजे हवा खेळावी म्हणून खाचा असलेल्या जमिनीच्या, खाचांत जुन्या मालाचा गाळ बसलेला असतो, तो साबण आणि प्रेशर पंपाने धुतात. त्याच धुलाईच्या जागेवर, म्हणजे बेवर, कंटेनर उचलणारं यंत्र, रीच स्टॅकरही धुतला जायचा. रीच स्टॅकर म्हणजे चाकांवरचा हायड्रॉलिक तेलाचा साठाच. एखादी होज म्हणजे तेलाची नळी पाझरत असेल तर बूमखालची, म्हणजे उचलणाऱ्या हाताखालची, जमीन कायम ओली असते. हे सगळं पाणी एका खड्ड्यात जमायचं आणि तिथून सबमर्सिबल पंपाने तीन कप्प्यांच्या ऑइल सेपरेटरमध्ये चढवलं जायचं. कागदावर सेपरेटर पुरेसा होता, ताशी दोन हजार लिटरचा.

चूक त्या पंपात होती. सेपरेटर तेल पकडतो तो तेल हलकं असतं म्हणून, आणि थेंब किती वेगाने वर येतो हे थेंबाच्या व्यासाच्या वर्गावर (व्यास गुणिले व्यास) ठरतं. १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब मीटरभर पाण्यातून वर यायला साधारण दहा मिनिटं घेतो. तोच २० मायक्रॉनचा झाला की नऊ-साडेनऊ तास. पंपाचं इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं पातं, थेंबाचे असे बारीक तुकडे करतं आणि साबण ते तुकडे पुन्हा जुळू देत नाही. पाणी जेमतेम तासभर थांबतं अशा सेपरेटरमधून मग दुधाळ पाणी निघतं, वर तवंग नसतो आणि बघणाऱ्याला ते स्वच्छच वाटतं. असं पाणी ग्लासात धरून रात्रभर ठेवा. सकाळी वर चकाकी आली तर समजा, सेपरेटर काम करत नाही.

उपाय साधा होता, खर्चाचा मात्र होता. आधी सेपरेटर, मग पंप. बेचा उतार बदलून पाणी आपोआप सेपरेटरमध्ये उतरेल असं केलं आणि पंप शेवटच्या कप्प्यानंतर ठेवला. शेवटच्या कप्प्याची बाहेर जाणारी नळी वरून न काढता टी आकाराचा जोड लावून तळाकडून घेतली, म्हणजे तवंग आतच अडतो. जुनी विटांची टाकी काळ्या मातीत बसली होती. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि विटांच्या सांध्यांना भेगा पडतात. म्हणून नवी आरसीसीची केली. रीच स्टॅकर साबणाने धुणं बंद केलं: सांडलेलं तेल आधी लाकडाच्या भुश्याने उचलायचं, मग नुसत्या पाण्याने, कमी प्रेशरने धुवायचं. रीफरसाठी तेल लवकर सोडणारा साबण घेतला. पुढचा नमुना ६ वर आला आणि कन्सेंट पुढे सरकला. तो दिवस खरंच हलका वाटला.

पावसाचं राहिलं. बे १५ बाय ६ मीटर, म्हणजे ९० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ४,५०० लिटर पाणी त्या दोन हजार लिटरच्या सेपरेटरमध्ये शिरतं आणि साठलेलं तेल उचलून बाहेर फेकतं. बेवर पत्र्याचं छप्पर टाका आणि कडेला चाकं चढतील असा उतरता उंबरा करा. आराखड्यात पावसाची गटारं आणि सांडपाण्याची गटारं वेगळ्या रंगात दाखवा. पाहणीला आलेला अधिकारी पहिल्यांदा हेच बघतो. आपल्या ओढ्याखाली द्राक्षबागा आहेत आणि पुढे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातच जातं, जिथे नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

तेलकट भुसा कचऱ्याच्या गाडीत देऊ नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांतल्या प्रकार क्रमांकांनुसार वापरलेलं तेल ५.१, तेलकट गाळ ५.२, तेलकट चिंध्या-भुसा ३३.२ आणि सेपरेटरवरचा तवंग ३५.४ खाली येतो. अर्जात हे चारही लिहा, आम्ही ३५.४ विसरलो आणि अर्ज परत आला. साठा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, फॉर्म ३ ची नोंदवही ठेवायची, वार्षिक विवरणपत्र फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत द्यायचं. वापरलेलं तेल नोंदणीकृत रिसायकलरकडे जातं, गाळ आणि भुसा विल्हेवाट प्रकल्पाकडे, आपल्याकडून रांजणगाव किंवा तळोजा.

डिझेल पिंपांत ठेवत असाल तर एकूण २,५०० लिटर आणि एका पिंपात १,००० लिटर, यापलीकडे परवाना लागतो.

धुण्याआधीची एक गोष्ट मी वरच लिहायला हवी होती. कंटेनरवर फ्युमिगेशनचं स्टिकर असेल किंवा जमिनीवर करड्या रंगाची पूड दिसली, तर पाणी मारू नका. कीड मारायला ठेवलेल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पूर्ण विघटित झालेल्या नसल्या तर पाण्याने त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि माणूस कंटेनरच्या आतच असतो. दरवाजे उघडून आधी हवा खेळू द्या, मीटरने तपासा, पूड कोरडीच उचला.

सेपरेटरच्या टाकीत गाळ काढायला माणूस उतरवू नका, सक्शन टँकर बोलवा. उतरणं टळतच नसेल तर चार वायूंच्या मीटरवर ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांखाली आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली दिसल्याशिवाय नाही. वर दोरी धरून एक माणूस पूर्ण वेळ उभा हवा. टाकी मेअखेर, पहिल्या पावसाआधी रिकामी करा आणि पुन्हा साध्या पाण्याने भरूनच वापरात घ्या. रिकामी सुरू केली तर पहिल्या धुण्याचं तेल तळाच्या नळीतून सरळ बाहेर पडतं.