आमची वाटचाल : टोपली उपडी करून बघा

२०१२ साली ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये घराच्या गॅरेजात आम्ही नवरा-बायकोने दुकान मांडलं. माल म्हणजे चार गालिचे, थोडी मातीची भांडी आणि एका पुरवठादाराकडून आलेल्या साठ मोठ्या टोपल्या. प्रत्येकीवर छापील चिठ्ठी : ‘अपाची’, म्हणजे इथल्या मूळनिवासी अपाची लोकांनी विणलेली. इथल्या मातकट भिंतींवर काळ्या पायऱ्यांची नक्षी असलेली टोपली फार शोभते. बघता बघता निम्मा माल खपला. विणल्या कुणी, हे आम्ही विचारलंच नाही.

पुढच्या वर्षी शनिवारच्या बाजारात सॅन कार्लोस या अपाची वस्तीतल्या एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी टोपली उचलली, सरळ उपडी केली आणि तळाच्या वेटोळ्यावरून अंगठा फिरवला. “आत गवत आहे,” म्हणाल्या, “आमच्यात काड्या असतात. तीन.” टोपली होती तिथे ठेवून त्या निघून गेल्या.

त्या रात्री मी एक टोपली मधोमध कापली. आत गवताची जुडीच होती. ओलं फडकं फिरवलं तर काळा रंग फडक्याला लागला.

मग शिकायला बसलो. पश्चिम अपाची बायकांच्या टोपलीत विलो झाडाच्या सोललेल्या तीन काड्या त्रिकोणात धरतात, चुंबळीसारख्या वळवत नेतात, आणि आरीने भोक पाडून चिरलेल्या विलोचा किंवा कॉटनवुड झाडाचा प्रत्येक टाका खालच्या वेटोळ्यात अडकवतात. काळा रंग दिलेला नसतोच. ती ‘डेव्हिल्स क्लॉ’ नावाच्या झुडपाच्या वाळलेल्या फळाची साल असते. आपल्याकडे बांधावर उगवणारी वाघनखी याच कुळातली. तिची नखं बोटांना लावून आम्ही लहानपणी भावंडांना घाबरवायचो. तांबडा रंग युक्का या वाळवंटी झाडाच्या मुळाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी विणलेले रांजणासारखे मोठे ‘ओया’ संग्रहालयात पाहिले, तेव्हा काचेसमोरून माझा पाय निघेना.

कायदाही तेव्हाच कळला. मूळनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं अमेरिकेच्या १९९०च्या कायद्याने गुन्हा आहे. अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या आम्ही फाडल्या. ज्यांचे पत्ते होते त्यांना फोन करून पैसे परत देऊ केले. ते वर्ष तोट्यात गेलं.

तसल्या, परदेशातून आलेल्या टोपल्या आजही ठेवतो. त्याही कुणीतरी दिवसेंदिवस बसून हातानेच वळलेल्या आहेत. खोटी होती ती चिठ्ठी. आता चिठ्ठीवर देश लिहितो, आत गवत आहे आणि रंग दिलेला आहे, हेही लिहितो. अपाची विणकरांकडून थेट घेतलेल्या टोपल्यांची फळी वेगळी आहे. वर्षाला जेमतेम पाच-सहा येतात, प्रत्येकीवर विणणारीचं नाव असतं, आणि भाव ती सांगेल तो. घेणाऱ्याला एवढंच सांगते : उन्हात टांगू नका, वॉर्निश लावू नका, मऊ ब्रशने धूळ झटका.

कापलेली टोपली गल्ल्याशेजारी टांगली आहे. भावातला फरक कशाचा, असं कुणी विचारलं की काढून हातात देते.