डब्याएवढा स्टोव्ह आणि चौघांचा सयपाक

लाकडाच्या छोट्या स्टोव्हवर चहा सगळेच करतात, फार तर मॅगी. मला त्यात फार इंटरेस्ट नाही. शेतात दिवसभर थांबायचं म्हटलं की खान्देशी माणसाला जेवण लागतं, म्हणजे वरण, भाकर, तर्री आलेली एखादी भाजी, आणि थंडीचे दिवस असले की भरीत. हे सगळं पाच लिटरच्या तेलाच्या डब्याएवढ्या, एकाच तोंडाच्या स्टोव्हवर होतं का? भरीत सोडलं तर होतं, आरामात होतं, फक्त कशानंतर काय करायचं हे आपण नाही ठरवायचं, आग ठरवते.

अमळनेरच्या बाजूला मामाचं शेत आहे, तिथे मी पहिल्यांदा हा स्टोव्ह काढला तेव्हा मामी लांबूनच म्हणाली, "हाई काय खेयनं शे रे भाऊ?" आता तीच विचारते की तो डबा आणला का. (तिला तो स्वतःच्या अंगणात ठेवून घ्यायचाय, मी अजून दिला नाही.)

माझा स्टोव्ह दुहेरी भिंतीचा आहे. आतला डबा, बाहेरचा डबा, मध्ये बोटभर पोकळी. खालून हवा शिरते, थोडी थेट लाकडात जाते आणि बाकीची त्या पोकळीतून तापत तापत वर चढते आणि आतल्या डब्याच्या काठाजवळच्या भोकांतून आत सुटते. लाकूड तापलं की त्यातून जो वायू निघतो तोच साध्या चुलीत अर्धवट जळून धूर म्हणून आपल्या डोळ्यात जातो, इथे त्याला वरती गरम हवा मिळते आणि तो तिथेच पेटतो. नीट लागला की त्या भोकांतून गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळा आत वळलेल्या दिसतात आणि धूर जवळपास बंद. पुण्याच्या आरती संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्व्यांच्या, अशा सुधारित चुलींवर बरंच काम केलंय. दुसरा प्रकार रॉकेट स्टोव्हचा, त्यात एल आकाराच्या नळीत समोरून काड्या सारत राहायचं, तोही चांगला, पण जड असतो आणि त्याच्यासमोर एक माणूस बसूनच लागतो.

पेटवायचा वरून. इथेच लोकांचं अडतं कारण आपल्याला खाली कागद घालून वर लाकडं रचायची सवय. यात बाभळीचे अंगठ्याएवढे जाड तुकडे उभे भरायचे, वरच्या भोकांच्या खालीच थांबायचं, वर बारीक काड्या आणि कापराची एक वडी. भोकं झाकली गेली की धूरच धूर. लाकूड मात्र खडखडीत वाळलेलं पाहिजे, ओली बाभूळ नुसती फसफसते आणि टोकाला पाणी सोडते.

सरपणाला आपल्याकडे तोटा नाही. डिसेंबर-जानेवारीत कपाशी निघाली की बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग लागतात, आणि ते ढीग तसेच ठेवू नका म्हणून कृषी खातं दरवर्षी सांगतं कारण गुलाबी बोंडअळी त्यातच दबा धरून बसते. त्यामुळे कोणी अडवत नाही, उलट घेऊन जा म्हणतात. पण पऱ्हाटी भसकन जळते, निखारा धरत नाही. तुराट्यांचंही तेच. म्हणून उकळी आणायला आणि भाकरीला पऱ्हाट्या, टिकून जळायला बाभूळ, असा हिशेब.

पहिला नंबर वरणाचा. आग ताजी असते, ज्वाळ जोरात असते आणि ती कमी-जास्त करायला आपल्या हातात काहीच नसतं, तेव्हा जे जोरात उकळलं तरी बिघडत नाही ते आधी चढवायचं. तूरडाळ घरूनच भिजवून नेतो. पाणीसुद्धा घरचं, कारण आपल्या बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे, त्यात डाळ तासभर उकळली तरी दाणा दाण्याशी बोलत नाही. हळद, तेलाचे दोन थेंब, झाकण, दहा-पंधरा मिनिटं चांगली उकळू द्यायची आणि मग पातेलं उतरवून झाकणासकट गोधडीत गच्च गुंडाळून ठेवायचं. तासाभरात आतल्या आत शिजते. स्टोव्ह मोकळा झाला, हाच तर सगळा फायदा! घोटायची मात्र जमिनीवर ठेवूनच, स्टोव्हवर रवी फिरवायला गेलात तर पातेलं, वरण आणि आग तिन्ही आडवं होईल.

बुडाला आधीच ओल्या राखेचा हात फिरवून ठेवला की काजळी धुताना निघून येते, नाहीतर घरी जे ऐकून घ्यावं लागतं ते मी इथे लिहीत नाही.

भरण संपत आलं की ज्वाळ बसते आणि आत लाल निखारे राहतात. ते वाया घालवायचे नाहीत. जाळी ठेवून त्यावर अख्खा कांदा आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा भाजायचा, बाहेरून काळा होईपर्यंत. तोपर्यंत लसूण-आलं निवडून घ्यायचं, मग पाटा असला तर पाटा, नाहीतर खलबत्ता. हे वाटण आणि खान्देशी काळा मसाला तेलात परतला की बांधावरून जाणारा माणूस थांबतोच. शेवभाजी शेतातल्या सयपाकाला सगळ्यात सोयीची, ना भाजी निवडणं ना चिरणं, आणि रस्सा जेवढा उकळेल तेवढा चांगला. शेव मात्र जाड तिखट भाजीचीच घ्या आणि ताटात वाढताना टाका, पातेल्यात टाकून ठेवली की लगदा. हे सांगूनही लोक टाकतात.

भाकर शेवटी. मी कळण्याचंच पीठ नेतो, चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेलं. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, थापताना भाकर कडेने फाटत नाही, वाऱ्यात बसून नवशिक्या माणसालाही जमते. अडचण अशी की स्टोव्हची ज्वाळ अरुंद, तवा मधोमध तापतो आणि कडा थंड राहतात. पातळ तवा नेलात तर मधे काळा चंद्र आणि कडेला कच्चं पीठ. जाड लोखंडी तवा न्या किंवा मातीचं खापर, आणि भाकर सारखी फिरवत राहा. चुलीसारखी आहाराला, म्हणजे निखाऱ्यांना, उभी टेकवून फुगवायची सोय इथे नाही, म्हणून तव्यावरच फडक्याने कडा दाबून फुगवायची. फुगते. थोड्या थोड्या पऱ्हाट्या वरून सारत राहायच्या, एकदम मूठभर नाही.

आता भरीत. स्पष्ट सांगतो, भरीत या स्टोव्हचं काम नाही. जळगावचं भरीताचं वांगं, ते जीआयवालं म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं, फिकट हिरवं आणि चांगलं मोठं, ते या डब्यावर एका बाजूने कोळसा होतं आणि दुसऱ्या बाजूने कच्चं राहतं. त्यासाठी बाजूला मोकळ्या जमिनीवर पऱ्हाट्यांचा जाळ करा, वांगी सरळ त्यात टाका, काठीने उलटीपालटी करा. साल काढून हिरवी मिरची, लसूण, तेलात तळलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात, ठेचून घ्यायचं. एक माणूस भाकरीवर, एक भरीतावर, दोन्ही सोबतच होतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. सातपुड्यात, यावल अभयारण्य असो की तोरणमाळची बाजू, जंगलात वनखात्याला न विचारता काहीच पेटवू नका, होळीच्या आसपास सागाचा पाचोळा जमिनीवर नुसता ठिणगीची वाट बघत असतो. आणि रात्री थंडी वाजते म्हणून निखाऱ्याचा स्टोव्ह शेतातल्या खोलीत घेऊन दार लावून झोपू नका. धूर दिसत नाही म्हणून बरं वाटतं, पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो.

जेवणं झाल्यावर उरलेले निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बंद केले की हवेवाचून विझतात आणि पुढच्या वेळी कांदा भाजायला कोळसा तयार. मामीने खापरावरच्या मांड्यांचं, म्हणजे मोठ्या पातळ पुरणपोळ्यांचं, विचारलंय. ते याच्यावर होणार नाहीत, त्याला पालथं मोठं खापर आणि खाली चौफेर जाळ पाहिजे, पण तिला हे मान्य नाही, ती म्हणते डबा इथेच ठेवून जा, मी बघते.