असू दे

रविवारी सकाळी आप्पांनी दुसऱ्या चहाबद्दल विचारले. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता "आत्ताच तर झाला," असे म्हणालो. त्यावर ते "असू दे," म्हणाले आणि तांब्यातले पाणी पेल्यात ओतून प्यायले. एवढेच घडले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, तक्रारही नव्हती, आणि बहुधा म्हणूनच ते दोन शब्द दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्याच दुपारी सगळ्यांनी मिळून 'बावर्ची' पाहिला. हृषीकेश मुखर्जींचा हा 1972 चा चित्रपट आमच्या घरात कितव्यांदा लागला असेल, ते सांगता येणार नाही. सुरुवातीला पडद्यावर नावांची पाटी येत नाही, अमिताभ बच्चन ती वाचून दाखवतात; तेव्हापासूनच आप्पा खुर्ची पुढे ओढून बसतात. दुर्गा खोटे आणि उषा किरण या दोघी जावांच्या भूमिकेत दिसल्या की "या आपल्या," असे ते दर वेळी म्हणतात. या वेळीही म्हणाले. मी मात्र पहिल्या दहा मिनिटांतच अस्वस्थ झालो. घराचे नाव शांतिनिवास. पण सकाळचा चहा कोणी करायचा यावरून तिथे कुरबूर चाललेली असते आणि म्हातारे दादूजी आपल्या खोलीत वाट पाहत असतात. हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचा तो वाट पाहणारा चेहरा मी इतकी वर्षे हसून पाहिला होता.

मग स्वयंपाकी म्हणून रघू येतो. ज्या घरात स्वयंपाकी टिकत नाही, तिथे तो नुसता टिकत नाही, तर प्रत्येकाशी त्याच्या आवडीचे बोलतो. संगीतकार होऊ पाहणाऱ्या धाकट्या मुलाशी तो सुरांविषयी बोलतो, म्हाताऱ्याजवळ निवांत बसतो, आणि सगळ्यांचे काम उपसणाऱ्या पोरक्या कृष्णेकडे लक्ष देतो. आनंदी राहणे सोपे आहे, पण साधे राहणे फार अवघड आहे, अशा अर्थाचे त्याचे वाक्य अनेकांना पाठ आहे. मला ते वाक्य त्या दुपारी पुरेसे वाटले नाही. मला सारखे असे वाटत राहिले की रघूला हे जमते, कारण तो बाहेरचा आहे. त्या घरात त्याच्या जुन्या जखमा नाहीत, कोणाशी हिशेब नाहीत, आणि काम झाले की त्याला निघून जाता येते. आम्हाला कुठे जाता येते? दिवसभर राबून आल्यावर घरातही गोड बोलायचे, ही अपेक्षा माझ्याकडूनच का, असेही मनात आले. कंटाळा, दमणूक, वाढते वय... ते असो.

पण हा युक्तिवाद फार वेळ टिकला नाही. चित्रपट संपता संपता कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. त्याच्या वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे आणि तो घाबरला होता. मी त्याच्याशी पाऊण तास बोललो. काय विचारावे, घरी काय तयारी ठेवावी, वडिलांना धीर कसा द्यावा, हे सर्व न कंटाळता समजावून सांगितले. फोन ठेवल्यावर मुलगी सहज म्हणाली, "बाबा, तू फोनवर वेगळ्याच आवाजात बोलतोस." ती टीका करत नव्हती.

म्हणजे रघूचा आवाज माझ्याकडे आहे. तो मी बाहेर वापरतो आणि दाराशी चपलांबरोबर काढून ठेवतो. ज्यांच्यासाठी मी बाहेरचा आहे, त्यांना माझा धीर मिळतो, आणि ज्यांनी मला चालायला शिकवले, त्यांना "आत्ताच तर झाला." माझ्या बायकोला, सुनीतीलाही हे दिसत असणार, ती बोलत नाही. आप्पांशी जे बोलायचे राहिले आहे, त्यातले पुष्कळसे आता राहूनच जाणार, हेही मला ठाऊक आहे. सगळे घर एका दुपारीत बदलून टाकणारा मनुष्य मी नाही आणि होणारही नाही. शिवाय मला इथून निघून जायचे नाही, त्यामुळे थोडे थोडे करत राहिले तरी चालण्यासारखे आहे.

आज सकाळी आप्पांनी विचारण्याआधीच दुसरा चहा केला, आले किसून घातले, आणि वर्तमानपत्र न घेता त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काळजीने विचारले, "आज कामावर जायचे नाही का? बरे वाटत नाही?" मी बरा आहे म्हणालो. तरी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि मगच चहा बशीत ओतला.