दोन मीटरचा पंख आणि दादरची गर्दी

आजचा अर्धा रविवार एकाच प्रश्नावर गेला. आरसी ग्लायडर, म्हणजे रिमोटवर चालणारं, हवेवर तरंगणारं छोटं विमान, घ्यायचा, पण थर्मलचा की स्लोपचा? थर्मलवाला हलका, लांब पंखांचा. गरम हवा वर चढते तिथे सावकाश घिरट्या घालत उंची मिळवतो, पण वारा वाढला की जागचा हलत नाही. स्लोपवाल्याला एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) हवेत, अंगात थोडं वजनही. डोंगराला थडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर हा मजेत तरंगतो. बाल्साचं हलकं लाकूड दिसतं देखणं, पण लोणावळ्यापुढच्या कामशेतच्या कातळावर एक लँडिंग चुकलं की हातात नुसत्या काड्या. म्हणजे आपटला तरी सहज न मोडणारा ईपीपी फोमच.

आम्ही पार्ल्यात, विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथे उडवायचं नावच नको; न्यायचा तो रेल्वेने कामशेतलाच. टेप घेऊन दारामागची जागा मोजत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, हे दादरला गाडी बदलताना कसं सांभाळणार?" खरंच की! पंख दोन तुकड्यांत सुटायलाच हवा.

साडेतीनला गच्चीवर गेलो. समोरच्या टॉवरवर घार. पंख न हलवता तीन घिरट्या, चौथीला नुसता ठिपका. तिला दोन्ही जमतं, तेही बिनबॅटरीचं!

शेवटी दोन मीटरचा, एलेरॉनवाला, नाकात छोटी मोटर असलेला ठरवलाय. पैसे पगार झाल्यावर.