खापरी नळ, हंडे आणि एक कलादालन

लातूरहून छत्रपती संभाजीनगरला निघालेली एसटी अंबाजोगाई, बीड, गेवराई करीत शहागडला गोदावरी ओलांडते. पावसाळा सरत आला असल्यामुळे पुलाखाली पाणी भरपूर होते आणि गाडीतील निम्मे प्रवासी खिडकीकडे वाकून ते पाहत होते. मराठवाड्यातला माणूस नदीला पाणी असले की चालू बोलणे थांबवतो. मी ज्या प्रदर्शनासाठी चाललो होतो, त्याचा विषयही पाणी हाच होता.

हे कलादालन एका सार्वजनिक न्यासाचे आहे. ते देणग्यांवर चालते, तेथे प्रवेशशुल्क नाही आणि मांडलेल्या कलाकृती विक्रीसाठी नसतात. दारात दानपेटी आणि अभिप्रायांची वही, आत तीन मध्यम आकाराच्या खोल्या, एवढाच पसारा. मात्र चित्रांच्या किमतीची पाटी नसल्यामुळे प्रेक्षकाचा संकोच किती कमी होतो, हे तेथे शाळेच्या दप्तरासह शिरलेल्या मुलांकडे पाहून कळत होते.

पहिल्या खोलीत जमिनीवर खापरी नळांची ओळ अंथरलेली होती. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि त्या वस्तीसाठी उत्तरेकडील डोंगरांतून झिरपणारे पाणी जमिनीखालून आणले. ती नहर-ए-अंबरी आणि तिच्यानंतर बांधलेल्या नहरी यांच्यावर हे शहर कित्येक पिढ्या जगले. प्रदर्शनातील नळ नवे, कुंभाराकडून मुद्दाम घडवून घेतलेले होते. त्यांच्या तोंडाशी कान नेला की आतून आवाज येई. एकातून रहाटाचा, दुसऱ्यातून बोअरच्या मोटारीचा, तर शेवटच्यातून टँकरच्या पाइपातून पाणी सुटल्याचा आणि त्यावर उठलेल्या बायकांच्या गलक्याचा. ऐकण्यासाठी प्रत्येकाला गुडघे टेकून बसावे लागत होते. ही मांडणी मला विशेष आवडली.

दुसऱ्या खोलीतील चित्रफीत तितकी जमली नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण कोरडे पडले होते. असा विषय हाती असताना त्यावर सतारीचे करुण सूर पसरवण्याची काय गरज होती, हे मला उमगले नाही. आम्ही लातूरकरांनी तो उन्हाळा रडत नव्हे, तर नंबर लावत काढला. कोणाचा हंडा पुढे सरकवला यावरून होणारी बाचाबाची त्या चित्रफितीत कोठेच नव्हती.

ती उणीव तिसऱ्या खोलीने भरून काढली. दुष्काळात घरी वापरलेले एखादे भांडे आणून द्यावे, असे आवाहन न्यासाने गावोगावी केले होते. लांब टेबलावर तांब्याचे हंडे, स्टीलच्या कळश्या, तेलाचे पत्र्याचे डबे, अर्धे कापलेले निळे ड्रम ओळीने ठेवलेले होते आणि प्रत्येकाला गावाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती. एका प्लास्टिकच्या घागरीवर तैलरंगाने घरमालकाचे आडनाव लिहिलेले होते. तळ घासून पांढरा पडलेला आणि चीर डांबराने बुजवलेली. एका हंड्याच्या काठाला दोरीने पडलेली खाच इतकी खोल होती की त्यात करंगळी सहज बसत होती.

रविवारी सकाळी न्यासाने पाणचक्कीपर्यंत पायी फेरी काढली. निवृत्त शिक्षक, वास्तुकलेचे विद्यार्थी, दोन बचत गटांतील महिला असा मेळा होता. पाणी उंच खांबात आपोआप कसे चढते, हा प्रश्न तेथे प्रत्येकालाच पडतो. वाटाड्याने बादली आणि पारदर्शक नळी घेऊन ते दाखवले: उगम उंचावर आणि नळ बंदिस्त असला की पाणी वाटेत खाली उतरूनही जवळपास उगमाच्या पातळीपर्यंत पुन्हा चढते. तेच पाणी वरून कोसळून चक्की फिरवी आणि त्या पिठावर यात्रेकरू व फकिरांचे जेवण होई. फेरीनंतर बहुतेक मंडळी पुन्हा कलादालनात आली आणि खापरी नळांपाशी अधिक वेळ थांबली, यावरून अशा कार्यक्रमांना प्रदर्शनाची पुरवणी समजणे चूक आहे, असे माझे मत झाले.

सायंकाळच्या चर्चेत विषय उसावर येणार हे ठरलेलेच होते. बीड जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने शांतपणे विचारले, "भाव मिळणारं दुसरं पीक दाखवा, ऊस आजच मोडतो." त्यावर मंचावरील चित्रकारांकडे उत्तर नव्हते आणि त्यांनी ते असल्याचा आवही आणला नाही. बचत गटातील एका बाईंनी मात्र आपली घागर प्रदर्शन संपल्यावर परत मिळणार ना, याची सर्वांसमक्ष खात्री करून घेतली.

हे प्रदर्शन लातूरला आणता येईल का, असे मी व्यवस्थापकांना विचारले. खापरी नळ प्रवासात फुटतील, पण भांडी आणि ध्वनिफिती पाठवू, असे ते म्हणाले. आता जागेचा प्रश्न आहे. आमच्याकडील परवडणारी सभागृहे दिवाळीपर्यंत साड्यांच्या सेलला दिलेली आहेत.